खारपाणपट्ट्यातील बोअरचे नायट्रेट : कलरीमीटरचा आकडा कधी खरा मानावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. दर्यापूर तालुक्यातील एका गावात शाळेच्या आवारातील बोअरवेलचे पाणी तुम्ही हातात मावणाऱ्या कलरीमीटरवर, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण सांगणाऱ्या उपकरणावर, नायट्रेटसाठी तपासले. एकाच बाटलीतले पाणी तिघा कार्यकर्त्यांनी तपासले आणि ८.६, ११.२ व १३.९ असे तीन आकडे आले. त्याच पाण्याचा प्रयोगशाळेतून आलेला अहवाल मात्र ६८ म्हणतो. मर्यादा ४५ ची आहे, तेव्हा उपकरणाप्रमाणे पाणी निर्धोक आणि प्रयोगशाळेप्रमाणे वाईट ठरते. उपकरण बिघडले आहे का, कोणाचा आकडा धरायचा आणि मुलांना ते पाणी द्यायचे का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो. हा गुंता सुटेपर्यंत ते पाणी पिण्यासाठी देऊ नका; हात धुणे, झाडे, स्वच्छतागृह यांसाठी ते खुशाल वापरा. उपकरण बिघडलेले नसावे, असे मला तुमच्या आकड्यांवरून वाटते. माझी पाणी तपासणीतील बावीस वर्षांपैकी निम्म्याहून अधिक अकोला-अमरावती भागात गेली आहेत आणि तुम्ही सांगता तसा घोळ मी पुष्कळदा पाहिला आहे. त्यात एक नव्हे, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या एकेक करून सुट्या केल्याशिवाय उलगडा होत नाही.

पहिली गोष्ट एककाची. तुमच्याकडे आहे त्या धाटणीची बहुतेक उपकरणे नायट्रेटचे प्रमाण ‘नायट्रेट-नायट्रोजन’ या रूपात दाखवतात, म्हणजे नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचे वजन मोजतात. आपले भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, संपूर्ण नायट्रेटच्या वजनाने बोलते आणि त्याप्रमाणे ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा घालते, जिच्यात दुसरा स्रोत नसला तरीही सवलत दिलेली नाही. नायट्रोजनचे वजन १४ आणि नायट्रेटचे ६२, म्हणून उपकरणाच्या आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. अमेरिकेतील मर्यादा नायट्रोजनच्या रूपात १० आहे, तिला ४.४३ ने गुणले की ४४.३ येतात, म्हणजे दोन्ही देशांची सीमारेषा जवळपास एकच आहे, लिहिण्याची रीत वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेची ५० ही मर्यादा मात्र आपल्यासारखीच संपूर्ण नायट्रेटची आहे. आता तुमचे तीन आकडे गुणून पाहा: ३८.१, ४९.६ आणि ६१.६. ४५ च्या कितीतरी खाली वाटणारे पाणी एका गुणाकारात सीमेवर आले. उपकरणाच्या पडद्यावर आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एकक लिहिलेले असते आणि बऱ्याच उपकरणांत ते बदलताही येते. तपासणीच्या वहीत आकड्यासोबत एकक लिहिलेले नसेल तर ती नोंद बाद समजावी, इतका कडक नियम मी माझ्या हाताखालच्या मुलांना लावत असे.

एवढ्याने दोन प्रश्न उरतात. एकाच बाटलीतील पाण्याचे तीन हातांनी तीन आकडे का आले, आणि तिन्ही आकडे प्रयोगशाळेच्या ६८ पेक्षा कमीच का आले? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण चूक दोन्ही दिशांना विखुरलेली असेल तर ती हाताची असते, आणि सगळे आकडे एकाच दिशेला झुकलेले असतील तर कारण पाण्यात किंवा पद्धतीत शोधावे लागते.

त्यासाठी बाटलीत काय घडते ते डोळ्यांसमोर आणू या. कलरीमीटर नायट्रेट मोजत नाही. तो रंग मोजतो. नायट्रेटला स्वतःचा दिसणारा रंग नसतो. म्हणून नमुन्यात टाकायच्या रसायनाच्या पुडीतील कॅडमियमची बारीक भुकटी आधी नायट्रेटचे नायट्राइट करते, ते नायट्राइट आम्लाच्या सान्निध्यात सल्फॅनिलिक आम्लाशी जुळून डायझोनियम नावाचे संयुग बनवते आणि ते संयुग पुडीतल्या तिसऱ्या द्रव्याशी जोडले जाऊन रंग उमटतो. तुमच्या पुडीने कोऱ्या चहासारखा पिवळसर तपकिरी रंग येतो. काही पद्धतींत तो गुलाबी येतो. या रंगक्रियेचा पाया घालणाऱ्या पीटर ग्रिस या रसायनशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये नायट्राइट ओळखण्याची ही रीत मांडली आणि ती आजही आपण वापरतो. रंग जितका गडद तितका प्रकाश कमी पार जातो आणि त्यावरून उपकरण आकडा काढते. या साखळीतील पहिली कडी, म्हणजे कॅडमियमने नायट्रेटचे नायट्राइट करणे, ही कधीही शंभर टक्के पूर्ण होत नसते. ती किती झाली यावर रंग ठरतो, आणि उपकरणात भरलेले कोष्टक ती एका ठरावीक प्रमाणात झाली असे गृहीत धरून बनवलेले असते. ते गृहीत मोडले की आकडा चुकतो, पण पडद्यावर तो तितक्याच ठामपणे उमटतो.

तीन हातांचे तीन आकडे येतात ते इथे. पुडी टाकल्यावर नेमका एक मिनिट जोरात हलवायचे असते. कॅडमियमचे करडे कण जड असतात आणि हात थोडा सैल पडला की तळाशी बसतात. तळाशी बसलेला कण वरच्या पाण्यातील नायट्रेटपर्यंत पोहोचत नाही. कोणी बाटली नुसती गोल फिरवतो, कोणी चाळीस सेकंदांतच थांबतो, कोणी बोलता बोलता हलवतो. एका प्रशिक्षणात मी एका मुलीचा हात पाहत होतो. ती बाटली आडवी धरून हलवत होती आणि करड्या कणांची एक रेघ बाटलीच्या कडेला चिकटून राहिली होती. तिचा आकडा इतरांपेक्षा एक चतुर्थांशाने कमी आला. बाटली उभी धरून, वरखाली, मनगटाने नव्हे तर कोपरापासून हात हलवायला सांगितले तेव्हा तोच आकडा जागेवर आला. मोबाइलवर घड्याळ लावा, मनात मोजू नका. हलवून झाल्यावर पाच मिनिटे स्थिर ठेवून लगेच वाचा. रंग ताटकळत ठेवू नका. तळाशी थोडे कॅडमियम न विरघळता राहतेच, त्याची चिंता नको, मात्र ते ढवळले जाऊन प्रकाशाच्या वाटेत येऊ देऊ नका.

हाताची परीक्षा घेण्यासाठी एक ज्ञात द्रावण करा. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट १०५ अंश सेल्सियसवर चोवीस तास वाळवून त्यातील ०.७२२ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले की १०० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजनचे मूळ द्रावण तयार होते. तितक्या बारकाईने वजन करणारा तराजू जवळच्या विज्ञान महाविद्यालयात मिळेल. नाहीतर तयार स्टँडर्ड, म्हणजे ज्ञात प्रमाणाचे द्रावण, विकत घ्या. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटरपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरा. हे झाले १० चे स्टँडर्ड, म्हणजे ४४.३ मिलिग्रॅम नायट्रेट. निकाल जिथे फिरतो नेमक्या त्याच जागी ते बसते, म्हणून मला ते फार उपयोगी वाटते. तिघांनीही ते प्रत्येकी पाच वेळा तपासावे. ज्याचे पाचही आकडे ९.५ ते १०.५ च्या आत येतात त्याचा हात बसला. ज्याचे सातत्याने आठच्या आसपास येतात त्याचा हलवण्यात दोष आहे. ज्याचे ७ ते १२ असे विखुरतात त्याच्याकडे बहुधा मापाची चूक होत असते: पिपेटऐवजी बाटलीवरच्या रेघेवर विसंबणे, पुडी पूर्ण न झटकणे, किंवा क्युव्हेटवर, म्हणजे नमुना भरून उपकरणात ठेवायच्या पारदर्शक कुपीवर, बोटांचे ठसे. क्युव्हेट प्रत्येक वेळी मऊ सुती कापडाने पुसा, त्यावरची खूण नेहमी एकाच दिशेला ठेवा, आतल्या भिंतीवर बुडबुडा नाही हे प्रकाशासमोर धरून पाहा, आणि झाकण लावल्याशिवाय वाचू नका; विदर्भातील उन्हात उघड्यावर वाचलेला आकडा विश्वासाचा नसतो. बर्फाच्या पेटीतून काढलेला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड पाण्यात क्रिया मंदावते आणि शिवाय क्युव्हेटवर बाहेरून दव जमते, जे उपकरणाला रंगासारखेच भासते.

ब्लँकबद्दलही, म्हणजे तुलनेसाठीच्या कोऱ्या वाचनाबद्दलही, एक बोलून घेतो. उपकरण शून्यावर आणताना डिस्टिल्ड पाणी न घेता पुडी न टाकलेले तेच नमुन्याचे पाणी घ्या, म्हणजे पाण्याचा स्वतःचा गढूळपणा वजा होतो. शिवाय दिवसातून एकदा डिस्टिल्ड पाण्यात पुडी टाकून वाचा. ते ०.३-०.४ च्या वर आले तर पुड्या जुन्या झाल्या आहेत किंवा तुमचे ‘डिस्टिल्ड’ पाणी तितके शुद्ध नाही. बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या पाण्याच्या बाबतीत हा अनुभव मला आला आहे.

आता तुमच्या पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. दर्यापूर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल मुळातच खारे आहे, आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड प्रति लिटर शेकड्यांनी मिलिग्रॅम असणे ही रोजची गोष्ट आहे. कॅडमियमच्या पुडीची पद्धत क्लोराइड १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेले की कमी आकडा दाखवू लागते. हे पुडीसोबतच्या माहितीपत्रकात ‘अडथळे’ या कोष्टकात लिहिलेले असते, पण ते कोष्टक वाचणारी माणसे मला फार थोडी भेटली. म्हणजे तुमच्या तिघांतील ज्याचा हात सगळ्यांत चांगला होता, त्याचा १३.९ हा आकडादेखील खऱ्यापेक्षा कमी असण्याची दाट शक्यता आहे. डिस्टिल्ड पाण्यात केलेले १० चे स्टँडर्ड अचूक येईल आणि तरीही तुमच्या बोअरचे पाणी कमीच दाखवेल, कारण स्टँडर्डमध्ये क्लोराइड नाही. स्टँडर्ड बरोबर आले म्हणजे तपासणी बरोबर झाली, हा समज खाऱ्या पाण्यात घातक आहे.

प्रयोगशाळेने कोणती पद्धत वापरली ते अहवालावर पाहा किंवा विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी २२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर नायट्रेट मोजतात आणि सेंद्रिय द्रव्याचा वाटा वजा करण्यासाठी २७५ नॅनोमीटरवर दुसरे वाचन घेतात. त्या पद्धतीत क्लोराइड अडथळा आणत नाही. तसे असेल तर ६८ आणि ६१.६ यांच्यातील फरकाचे कारण समजण्यासारखे आहे. पण प्रयोगशाळेचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका: २७५ ची वजावट २२० च्या वाचनाच्या दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या पाण्यासाठी ती पद्धत वापरू नये असा नियम आहे, आणि उकिरड्याजवळच्या विहिरींत ही अडचण खरोखर येते.

मग तुमच्याच उपकरणावर, तुमच्याच गावात, खरा आकडा कसा काढायचा? ज्या पाण्याबद्दल शंका आहे त्याच पाण्यात ज्ञात प्रमाणात नायट्रेट घालायचे आणि ते पूर्ण परत मिळते का ते पाहायचे. आम्ही याला ‘स्पाइक’ म्हणतो. मला विचाराल तर या कामातील सर्वांत प्रामाणिक चाचणी हीच आहे, कारण ती हात, पुडी, उपकरण आणि पाणी या चौघांची एकत्र परीक्षा घेते.

कृती सोपी आहे. दोन स्वच्छ बाटल्या घ्या. पहिल्या, ‘अ’ बाटलीत बोअरचे पाणी ४५ मिलिलिटर आणि डिस्टिल्ड पाणी ५ मिलिलिटर घाला. दुसऱ्या, ‘ब’ बाटलीत बोअरचे पाणी ४५ मिलिलिटर आणि वर सांगितलेले १०० चे मूळ द्रावण ५ मिलिलिटर घाला. दोन्हींत बोअरचे पाणी सारखेच विरळ झाले आहे. फरक एवढाच की ‘ब’मध्ये आपण बरोबर १० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजन वाढवला आहे. दोन्ही बाटल्यांतून नमुने घेऊन एकाच माणसाने प्रत्येकी तीनदा तपासावे आणि सरासरी काढावी. पाणी निर्मळ असेल तर ‘ब’ वजा ‘अ’ हा फरक १० येईल. नऊ ते अकरा येणे मी चालवून घेतो. समजा तुमच्याकडे ‘अ’ ९.९ आला आणि ‘ब’ १७.२. फरक ७.३ झाला, म्हणजे घातलेल्या नायट्रेटपैकी ७३ टक्केच उपकरणाला दिसले. मुळात असलेल्या नायट्रेटचीही तीच गत झाली असणार. म्हणून ९.९ ला ०.७३ ने भागा, १३.६ मिळतात, पाणी आपण ५० मध्ये ४५ असे विरळ केले होते म्हणून ०.९ ने भागा, १५.१ मिळतात, आणि ४.४३ ने गुणा. उत्तर ६७ च्या आसपास येते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण तुमचे खरे आकडे याच सुमारास आले तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तसे आले तर प्रयोगशाळा व उपकरण यांच्यात भांडण उरत नाही.

अशी दुरुस्ती करताना एक भान ठेवा. एकच स्पाइक घातल्यावर आपण तूट सरळ प्रमाणात आहे असे धरतो. निकाल सीमेजवळ असेल, म्हणजे नायट्रेट ३५ ते ५५ च्या दरम्यान निघत असेल, तर मूळ द्रावण २.५, ५ आणि ७.५ मिलिलिटर असे तीन वेगवेगळ्या बाटल्यांत घाला. प्रत्येक बाटलीत बोअरचे पाणी ४० मिलिलिटर घ्या आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरून सगळ्या ५० मिलिलिटर करा. आता पाणी ५० मध्ये ४० असे विरळ झाले आहे, तेव्हा शेवटी ०.९ ऐवजी ०.८ ने भागायचे हे विसरू नका. आलेखाच्या कागदावर घातलेले प्रमाण आडवे आणि वाचन उभे असे बिंदू मांडा. ते एका रेषेत बसले तर दुरुस्ती टिकाऊ आहे. नाही बसले तर त्या पाण्यासाठी ही पुडी योग्य नाही असे लिहा आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा. परत मिळणारा भाग निम्म्यापेक्षा कमी असेल तर मी कोणतीही दुरुस्ती करत नाही.

पाणी विरळ करून क्लोराइड १०० च्या खाली आणायचे, असा दुसरा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. मध्यम खाऱ्या पाण्याला तो चालतो. पण क्लोराइड ७०० असेल तर दहापट विरळ करावे लागते. मग १५ चा नायट्रोजन १.५ होतो आणि वाचनातील ०.३ ची साधी चूक दहाने गुणली जाऊन ३ होते, म्हणजे नायट्रेटमध्ये १३ मिलिग्रॅमचा फरक. सीमेजवळच्या पाण्याचा निकाल यात सहज उलटू शकतो. विरळ करायचेच असेल तर पुडी टाकण्याआधी करा. रंग आल्यावर फार गडद दिसला म्हणून त्यात पाणी ओतून वाचणे चूक आहे, कारण तोवर पुडीतील द्रव्ये कमी पडलेली असतात आणि उरलेल्या नायट्रेटचा रंग झालेलाच नसतो.

क्लोराइड किती आहे ते आधी कळलेले बरे, आणि त्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन, म्हणजे त्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्याची रीत, तुमच्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतही होते. मात्र इथे सावध राहा. नाव पाहा: सिल्व्हर नायट्रेट. या टायट्रेशनसाठी नेहमी वापरतात त्या ०.०१४१ नॉर्मल तीव्रतेच्या द्रावणात नायट्रेट प्रति लिटर सुमारे ८७० मिलिग्रॅम असते. त्याचा एक थेंब दहा मिलिलिटर नमुन्यात पडला तर तुमचा निकाल चार मिलिग्रॅमने वाढतो. म्हणून नायट्रेटची काचसामग्री वेगळी ठेवा, तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू देऊ नका.

याच जातीची, पण कितीतरी मोठी चूक मी स्वतः भोगली आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका तालुक्यातील विहिरींचे नमुने गोळा केले आणि सगळ्यांचे नायट्रेट इतके अफाट आले की दोन गावांत विहिरींवर लाल रंगही मारला गेला. आठवड्याभराने कळले की भांडारातून आलेल्या बाटल्या धातूंच्या तपासणीसाठी तयार केलेल्या होत्या आणि त्यांत टिकवणीसाठी आधीच नायट्रिक आम्ल घातलेले होते. तीव्र नायट्रिक आम्लाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात पडला तर नायट्रेट हजाराच्या आसपास जाते. नमुन्यात मुळात काय होते याला मग काही अर्थच राहत नाही. त्या गावांतील बायका आठ दिवस दोन किलोमीटरवरून पाणी आणत होत्या, हे मला अजून आठवते. तेव्हापासून नायट्रेटच्या बाटल्या मी नायट्रिक आम्लाने कधी धुऊ दिल्या नाहीत, आणि नमुना भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा खंगाळल्याशिवाय भरू दिला नाही.

नमुन्याबद्दल थोडे सांगणे उरते. बोअर किमान पाच-दहा मिनिटे चालवून नळीतील साचलेले पाणी जाऊ द्या. गंजलेल्या लोखंडी नळीतून येणारे तांबूस पाणी तर मुळीच घेऊ नका, कारण फेरिक लोह या चाचणीत थोडे असले तरी अडथळा आणते. गढूळ पाणी गाळून घ्या. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत असतील तर नमुना टाकीच्या आधी, थेट बोअरवरून घ्या. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून ४ अंशांजवळ सांभाळा आणि ४८ तासांच्या आत तपासा. उन्हात ठेवलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेट खाऊन टाकतात किंवा अमोनियाचे नायट्रेट करतात. आकडा कोणत्याही बाजूला सरकू शकतो. तुमचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला किती दिवस लागले, हेही ६८ च्या बाबतीत विचारून घ्या. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर पुडी ते सुद्धा रंगात मोजते, म्हणून बोअर गोठ्याजवळ किंवा शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळ असेल तर नायट्राइटची चाचणी वेगळी करून तो आकडा वजा करा. एक गोष्ट अनुभवाने सांगतो: घाण वास येणाऱ्या विहिरीत नायट्रेट कमी आले म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. जिथे प्राणवायू संपलेला असतो तिथे नायट्रेट नाहीसे होते आणि अमोनिया उरतो, जो या चाचणीला दिसत नाही.

तुमच्या भागातील उच्च आकडा अनपेक्षित नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या बाबतीत सर्वांत गंभीर म्हणून जे पंधरा जिल्हे नोंदवले आहेत, त्यांपैकी सात आपल्या राज्यातील आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. युरिया, उकिरडे, गोठे आणि शोषखड्डे ही त्याची नेहमीची कारणे. धोका सर्वाधिक सहा महिन्यांच्या आतील बाळांना असतो, विशेषतः पावडरचे दूध या पाण्यात कालवून देत असतील तर. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध प्रथम दाखवला. शाळेतील मुले त्या वयाची नसली तरी त्याच बोअरवरून आजूबाजूच्या घरी पाणी जात असेल तर अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना हे आजच सांगा. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. ब्लीचिंग पावडरचाही नायट्रेटवर काही परिणाम होत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते, पण त्या यंत्रात जाणारे आणि त्यातून बाहेर येणारे पाणी दोन्ही तपासल्याशिवाय खात्री धरू नका, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात क्लोराइडही कमी झालेले असते, म्हणून तिथे तुमची पुडी बरीच सरळ आकडा देईल.

ग्रामपंचायतीला द्यायच्या कागदावर एकटा आकडा लिहू नका. ‘नायट्रेट, संपूर्ण नायट्रेटच्या रूपात, मिलिग्रॅम प्रति लिटर’ असे एकक, तपासणीची पद्धत, क्लोराइडचा आकडा, त्या दिवशीच्या १० च्या स्टँडर्डचे वाचन आणि स्पाइकची टक्केवारी हे सगळे एका ओळीत लिहा. आणि पहिल्या पावसानंतर, तसेच पुन्हा मे महिन्यात, याच बोअरचा नमुना घ्या. उथळ भूजलातील नायट्रेट ऋतूप्रमाणे बदलते, आणि एका दिवसाच्या आकड्यावर बोअर कायमचा बंद किंवा कायमचा चालू करणे योग्य नाही.

राहिले ते वापरून झालेले पाणी. प्रत्येक चाचणीत कॅडमियम उरते, आणि पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा ०.००३ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकी कडक आहे. ते शाळेच्या मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. त्याच बोअरच्या पाणलोटात आपण ते परत घालू. पाच लिटरचा जाड प्लास्टिकचा कॅन घ्या, त्यावर ‘कॅडमियमयुक्त टाकाऊ द्रव’ असे ठळक लिहा, चाचणीचे पाणी व क्युव्हेट खंगाळल्याचे पाणी त्यातच जमा करा, हातमोजे वापरा आणि कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवा. एका चाचणीला दहा मिलिलिटर धरले तर खंगाळणीसह दोनशे चाचण्यांचे पाणी त्यात मावते. भरला की तो घातक कचरा स्वीकारण्याची परवानगी असलेल्या प्रकल्पाकडे, जिल्हा प्रयोगशाळेमार्फत पाठवता येतो का ते विचारा. क्लोराइडचा आकडा आणि ‘अ’, ‘ब’ बाटल्यांची तीन-तीन वाचने हाती आली की इथेच लिहा. गणित सोबत बसून तपासू.